बर्वे, बारवी आणि नातीचा प्रश्न

गेल्या महिन्यात माझी नात दोन दिवस राहायला आली होती. मुलीची मुलगी. इंजिनिअर झाली, मग दोन वर्षं खोली बंद करून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला, आणि आता एकदम दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक म्हणजे राज्यसेवेतून नायब तहसीलदार. तालुका कुठला मिळेल ते देवाला ठाऊक. दुसरं, मुंबईतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोकरी. ही कंपनी सरकारी खात्यांना कारभार कसा सुधारावा ते सांगते म्हणे. पगार नायब तहसीलदाराच्या दुप्पट-तिप्पट, एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून तिने विचारलं, "आजी, सरकार सुधारायचं असेल तर सरकारात जावं की सरकारला सल्ला द्यावा?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वर्गात असा प्रश्न आला की माझं ठरलेलं उत्तर असायचं: "उद्या बघून सांगते." तिलाही तेच सांगितलं. मग दोन-तीन आठवडे जुनी पुस्तकं, कात्रणं काढून बसले. शोधत होते ते एवढंच, की आपल्याकडे सरकारला मोठमोठे सल्ले देणारी जी माणसं होऊन गेली, ती सल्लागार होण्याआधी काय करत होती? जे सापडलं ते इथे लिहितेय. नात वाचेलच, तुम्हीही वाचा.

सुरुवात घराजवळून करते. मी अंबरनाथला राहते, एमआयडीसीपासून चालत पंधरा मिनिटांवर. लग्न होऊन १९७४ साली इथे आले तेव्हा "एमआयडीसी" हा शब्द मला नवीनच होता. आमचे हे तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. सकाळी सातचा भोंगा, डबा, सायकल. वाटायचं, कारखाने काय, कुणी तरी जमीन घेतली आणि बांधले. त्यामागे कुणी तरी बसून विचार केला असेल, समिती नेमली असेल, कायदा लिहिला असेल, हे डोक्यातही नव्हतं. अंबरनाथला कारखाने पूर्वीपासून होतेच म्हणा. काडेपेट्यांची विमको होती, धरमसी मोरारजी केमिकल होती, ऑर्डनन्स फॅक्टरी होती. पण सरकारने जमीन घ्यायची, रस्ते आखायचे, पाणी आणायचं आणि तयार भूखंड उद्योजकांच्या हातात द्यायचे, ही पद्धत नवी होती.

ती पद्धत ज्यांच्या अध्यक्षतेखाली ठरली त्यांचं नाव सदाशिव गोविंद बर्वे. स. गो. बर्वे. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० रोजी, आणि पाचच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९६० ला सरकारने औद्योगिक विकास मंडळ नेमलं. अध्यक्ष बर्वे. या मंडळाने कायद्याचा मसुदा केला, तोच १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा. त्यातून १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी जन्माला आली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत छोटासा समारंभ झाला. जागा कुठे कुठे शोधायच्या याचं काम मंडळाने आधीच करून ठेवलं होतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी राज्यात चौदा औद्योगिक क्षेत्रं हाती घेता आली.

गंमत सांगते. आमच्या शाळेतल्या पोरांना मी एकदा बर्व्यांबद्दल सांगितलं तर एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, म्हणून धरणाचं नाव बारवी ना?" सगळा वर्ग हसला. बारवी ही आपली बदलापूरजवळची नदी, तिचा बर्व्यांशी नावापुरताही संबंध नाही. पण पोराचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. बारवी धरण १९७२ साली बांधलं ते पाटबंधारे खात्याने नाही, एमआयडीसीने. कारखान्यांसाठी बांधलेल्या त्या धरणाचं पाणी जांभूळला शुद्ध होऊन या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि कितीतरी घरांना मिळतं. औद्योगिक महामंडळाने स्वतः धरण बांधावं, हे कुणाला सुचलं असेल? जमीन, रस्ते आणि पाणी ही सगळी जबाबदारी एकाच महामंडळावर टाकणारा कायदा ज्यांनी लिहिला, त्यांच्या मनात ते बी असणार असं मला वाटतं.

आता बर्व्यांचा आधीचा प्रवास बघा. जन्म १९१४ चा, तासगावचा. पुण्यात आणि मग केंब्रिजला शिक्षण, आय.सी.एस. म्हणून नोकरीला सुरुवात. पुण्याचे जिल्हाधिकारी होते, पुणे महापालिकेच्या सुरुवातीच्या काळात तिचे आयुक्त होते. महापालिकेचा आयुक्त म्हणजे नळाला पाणी का नाही, गटार का तुंबलं, अमक्याने रस्त्यावर ओटा का बांधला, या प्रश्नांनी ज्याची सकाळ सुरू होते असा माणूस. मग ते मुंबईला सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव झाले. १९५८ साली मुंबईची गर्दी, मोकळ्या मैदानांची टंचाई, घरांची टंचाई आणि एकाच शहरात कोंबलेले कारखाने यांवर उपाय सुचवण्यासाठी अभ्यासगट नेमला, त्याचे अध्यक्ष बर्वेच. फेब्रुवारी १९५९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा आणि पलीकडच्या जमिनीवर शहर वाढवा, ही त्यातली मोठी सूचना. वाशीचा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला. आज वाशीहून पुण्याला जाताना किती जणांना हे आठवतं?

म्हणजे "कारखान्याला पाणी लागतं, कामगाराला घर लागतं, मुलांना मैदान लागतं" हे त्या माणसाला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. पुण्याच्या नळांवर आणि गटारांवर शिकलेला धडा होता तो.

पण माझी आणि बर्वे या नावाची ओळख एमआयडीसीमुळे झालेली नाही. ती त्याही आधीची.

माझं माहेर पुण्याचं, नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सकाळी वडील सायकल ढकलत धावत आले आणि "उठा, निघा" एवढंच म्हणाले. आईने देवघरातला बाळकृष्ण पदरात बांधला, धाकट्या भावाला मी कडेवर घेतलं, आणि आम्ही चढाच्या दिशेने चालत सुटलो. परत आलो तेव्हा वाड्याच्या पुढच्या दोन खोल्या नव्हत्याच. मागे चिखल, कुजलेलं धान्य, आणि तो वास. तो वास मला अजूनही कधीकधी पहिल्या पावसात येतो.

पुण्याच्या पुनर्वसनाचं काम सरकारने बर्व्यांकडे दिलं. आम्हा मुलांना त्यातलं काय कळणार? पण मोठ्यांच्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा तेच नाव यायचं. "बर्व्यांनी सांगितलंय." "बर्वे बघतील." वडील तसे कुणाला चटकन चांगलं म्हणणारे नव्हते, तेसुद्धा म्हणायचे, "हा माणूस पुण्याचा आयुक्त होता, याला गल्लीबोळ माहीत आहेत." पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, निस्सेन हट उभ्या राहिल्या, पत्र्याच्या, अर्धगोल. आम्ही गोखलेनगरला गेलो. उन्हाळ्यात त्या झोपड्यांत भाकरीसारखं भाजून निघायचो, पण डोक्यावर छप्पर होतं.

त्यानंतर बर्व्यांनी एक गोष्ट केली. सनदी नोकरीचा राजीनामा दिला आणि १९६२ ची निवडणूक पुण्यातल्या शिवाजीनगरमधून लढवून ते आमदार झाले. मग राज्याचे अर्थमंत्री, पुढे दिल्लीला नियोजन आयोगाचे सदस्य. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासारख्या दिग्गजाचा पराभव करून निवडून आले. आणि काही दिवसांतच, मार्च १९६७ मध्ये, हृदयविकाराने गेले. वय ५२. पुण्यात शिवाजीनगरला त्यांच्या नावाचा चौक आहे, मुंबईत कुर्ल्याला रस्ता आहे. रोज हजारो लोक "बर्वे मार्ग" म्हणतात, पण बर्वे कोण ते विचारलं तर कपाळाला आठ्या.

बर्व्यांबरोबर आणखी दोन नावं घ्यायलाच हवीत.

एक, अस्ताद दिनशा गोरवाला. पारशी गृहस्थ, मुंबई इलाख्याचे आय.सी.एस. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यातच होता, तिथे त्यांनी बरीच नोकरी केली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुदतीआधीच नोकरी सोडून मोकळे झाले. नियोजन आयोगाने १९५१ साली देशाचा कारभार कसा सुधारावा ते सांगायला यांनाच बोलावलं. स्वतंत्र भारतातला प्रशासनावरचा हा पहिल्या महत्त्वाच्या अहवालांपैकी एक. सचोटी वरून सुरू झाली पाहिजे, हा त्यांचा रोख. मंत्री आणि अधिकारीच स्वच्छ नसतील तर खालच्या कारकुनाकडून काय अपेक्षा करायची? पुढे ते 'विवेक' या नावाने वर्तमानपत्रात लिहायचे. १९६० पासून 'ओपिनियन' नावाचं छोटं पत्र काढायचे. आणीबाणीत त्या पत्रावर संकट आलं तरी लिहिणं थांबवलं नाही. नोकरीत असताना जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली होती, आणि खरोखरच बोलले.

दुसरे धनंजयराव गाडगीळ. हे अधिकारी नव्हेत. सुरुवातीला मुंबई सरकारच्या अर्थखात्यात वर्षभर होते, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य, आणि १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. म्हणजे आमच्याच जातीचे, शिक्षक! पण खुर्चीत बसून राहणारे नव्हेत. त्यांच्या संस्थेने पुणे शहराची घरोघर जाऊन पाहणी केली. कोण काय कमावतो, किती खोल्यांत किती माणसं राहतात, सगळं मोजलं. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ. अर्थशास्त्राचा प्राध्यापक उसाच्या वजनकाट्याचे आणि शेअरच्या हप्त्यांचे हिशेब बघत होता.

गोरवाला आणि गाडगीळ हे दोघं एका समितीत एकत्र होते, ती म्हणजे रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये सुरू केलेली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी. अध्यक्ष गोरवाला. ७५ जिल्हे, ६०० गावं, लाखाच्या वर कुटुंबं. निष्कर्ष असा निघाला की शेतकरी शंभर रुपये कर्ज घेतो त्यातले जेमतेम तीन रुपये सहकारी सोसायटीकडून येतात, बाकी मुख्यतः सावकाराकडून. १९५४ मध्ये अहवाल आला, आणि त्यातल्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. माझं निवृत्तिवेतन दर महिन्याला स्टेट बँकेत जमा होतं. हे वाचल्यापासून पासबुक भरून घेताना मला गोरवाला आणि गाडगीळ आठवतात.

पुढे १९६५ मध्ये मुंबई-पनवेल आणि पुणे परिसराचं नियोजन कसं करावं यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षही गाडगीळ. कारखाने आणि वस्ती एकाच ठिकाणी साचू देऊ नका, आसपासच्या प्रदेशात नीट आखून पसरवा, असं त्यांनी सांगितलं. १९६६ चा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा त्याच विचारातून आला. १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. मे १९७१ मध्ये ते पद सोडून दिल्लीहून परत येताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले होते.

आता कुणी म्हणेल, आजींनी सोयीची माणसं निवडली. तसं होऊ नये म्हणून दुसरी बाजूही बघितली.

बाहेरून आलेल्यांचं काय? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने अमेरिकेतून पॉल ॲपलबी नावाचे गृहस्थ बोलावले होते. त्यांच्या सूचनेवरून १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था निघाली. आपल्या देशाचा अनुभव त्यांना शून्य. पण त्यांचं आधीचं आयुष्य बघितलं तर छोट्या गावांतली वर्तमानपत्रं चालवलेली, मग मंदीच्या काळात अमेरिकेच्या शेतकी खात्यात अनेक वर्षं काम, आणि त्यानंतर प्राध्यापकी. त्यांचीही पाटी कोरी नव्हतीच.

आणि मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनामुळे आमच्या घरात त्यांचं नाव प्रेमाने घेतलं जात नसे, पण इतिहासाच्या शिक्षिकेने पक्षपात करू नये. १९६६ मध्ये देशाचा पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष मोरारजी होते. तेही १९१८ ते १९३० मुंबई प्रांतिक सेवेत डेप्युटी कलेक्टर होते, नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

अगदी अलीकडचे म्हणजे माधव गोडबोले. १९५९ च्या तुकडीचे आय.ए.एस., महाराष्ट्र केडरचे. वीज मंडळ चालवलं, केंद्रात गृहसचिव झाले, आणि बाबरी मशिदीच्या घटनेनंतर मार्च १९९३ मध्ये मुदतीआधीच निवृत्ती घेतली. महाराष्ट्र सरकारने २००० च्या सुमारास सुशासनावर समिती नेमली तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांना बोलावलं, आणि एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची तपासणी करायलाही त्यांनाच. २०२२ मध्ये ते गेले. त्यांची मराठी पुस्तकं आमच्या वाचनालयात आहेत, जरूर वाचा.

ही सगळी नावं एका कागदावर लिहिली आणि शेजारी "आधी काय?" असा रकाना केला, जसा आम्ही निकालपत्रकात करायचो. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. पहिली, प्रत्येकाने आधी काहीतरी लहान काम स्वतःच्या हाताने केलं होतं. तालुका, नळ, वर्तमानपत्र, साखर कारखाना, घरोघरची पाहणी. दुसरी मला नंतर लक्षात आली. यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी खुर्ची आपणहून सोडली होती. बर्वे, गोरवाला, मोरारजी, गोडबोले, शेवटी गाडगीळसुद्धा. ज्याला खुर्ची सोडता येते त्याचा सल्ला ऐकणाऱ्याला टोचतो, पण तो खरा असतो.

आता याला एक कडू बाजू आहे, ती लिहिली नाही तर हा लेख म्हणजे नुसता गौरवग्रंथ होईल.

चांगल्या माणसांनी दिलेला चांगला सल्लासुद्धा सरकार अर्धा घेतं. बर्व्यांच्या अभ्यासगटासमोर कारखाने होते तशीच घरं होती, मैदानं होती. आमच्याकडे भूखंड आले, रस्ते आले, धरण आलं. कामगारांची घरं आपली आपण झाली, दोन खोल्यांच्या चाळी, मग चार मजली इमारती, जशा जमतील तशा. वालधुनी नदी मी आले तेव्हाही काही गंगा नव्हती, पण पुढे तिचं पाणी कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचं असेल ते सांगता येईना. बारवी धरणात ज्यांची गावं गेली, ते लोक हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. आणि आमच्या ह्यांचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. हिशेबाचे पैसे अर्धेच मिळाले, तेही पाच वर्षांनी. तेव्हा घर माझ्या पगारावर चाललं. ज्या पद्धतीने आम्हाला अंबरनाथला आणलं, तिने "कारखाना बंद पडला तर माणसाचं काय" याचं उत्तर दिलं नव्हतं. हे कुण्या एका माणसाचं पाप नाही. पण सल्ला देणाऱ्याने कितीही दूरचं बघितलं तरी रस्त्याच्या वळणापलीकडे काय आहे ते तिथे राहणाऱ्यालाच दिसतं.

सल्लागारांचा माझा स्वतःचा अनुभव एवढाच, की नोकरीत असताना एकदा आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणाला नेलं होतं. एक सुटाबुटातले गृहस्थ तीन तास पडद्यावर चित्रं दाखवत होते. शेवटी म्हणाले, "प्रत्येक मुलाकडे रोज दहा मिनिटं वैयक्तिक लक्ष द्या." माझ्या वर्गात सत्तर मुलं होती. मी हात वर करून गुणाकार सांगितला, सातशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ बारा तास. सगळे हसले, तेही हसले. वाईट माणूस नव्हता हो. फक्त त्याने कधी हजेरी घेतली नव्हती.

आता नातीच्या बाजूने बोलायचं तर दिवस बदललेत. सरकारला बाहेरची हुशार माणसं लागतात हे खरंच आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये तरुणांसाठी मुख्यमंत्री फेलोशिप निघाली, मधे बंद पडली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. केंद्रात बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या पदांवर घेण्याचा प्रयोग झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदांची जाहिरात आली, आरक्षणावरून गदारोळ झाला आणि तीन दिवसांत ती मागे घेतली. गाडगीळ तरी कुठे अधिकारी होते? तेव्हा बाहेरून सल्ला देणं म्हणजे काही हलकं काम, असं मी म्हणणार नाही. प्रश्न आतला की बाहेरचा हा नाहीच. हात मळलेत की नाही, हा आहे.

एक प्रसंग सांगते आणि थांबते.

२६ जुलै २००५ चा पाऊस या पट्ट्यातलं कुणी विसरणार नाही. उल्हास आणि वालधुनी दोन्ही चढल्या, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, सगळीकडे घरांत पाणी. आमची शाळा जरा उंचावर, तिथे लोक आले. तिसऱ्या दिवशी एक तलाठी आला, पंचविशीतला असेल. माझ्या वर्गात माझ्याच टेबलावर बसून तो दोन दिवस पंचनामे लिहीत होता. बायका सांगत होत्या: गहू दोन पोती, टीव्ही एक, शिलाई मशीन एक. मधेच एक म्हातारी म्हणाली, "आणि नवऱ्याचा फोटो." त्याने पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि 'फोटो, नग १' असं लिहिलं. फोटोची भरपाई मिळत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी माहेरून आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेतून वडिलांचे कागद काढले. त्यात १९६१ चा आमच्या घरचा पंचनामा आहे. निळी शाई, कागद पिवळा पडलाय. तांब्याचे हंडे दोन, सायकल एक, पाटे-वरवंटे, बिछाने सहा. खाली सही. कुणाची ते वाचता येत नाही, नुसती एक गाठ. याच कागदावर आम्हाला गोखलेनगरची जागा मिळाली. बर्व्यांनी पुणं उभं केलं म्हणतात ते खरंच, पण त्यांच्या आणि माझ्या आईच्या मधे हा एक गाठीसारखी सही करणारा माणूस होता. तो चुकला असता, किंवा चार पैसे मागत बसला असता, तर बर्व्यांची योजना आमच्या दारापर्यंत आलीच नसती.

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्यात राजाबरोबर त्याच्या अमात्यांचीही नावं कोरली आहेत. हजार वर्षांपूर्वीही सल्ला देणाऱ्याचं नाव दगडावर येत होतं. दगड वाहणाऱ्याचं मात्र तेव्हाही नाही आणि आताही नाही.

नातीला मी फोन केला. म्हटलं, "अगं, बघितलं सगळं." ती म्हणाली, "मग काय करू सांग ना." मी म्हटलं, "सल्लागारांवर एवढं वाचल्यावर सल्ला द्यायची भीती वाटायला लागलीय." ती हसली. मग मी एवढंच सांगितलं, की कंपनीत गेलीस तरी पहिली पाच वर्षं कुठल्या तरी तालुक्याची धूळ खा. तहसीलीत गेलीस तरी एक दिवस सोडून जायची हिंमत मनात ठेव. यातलं काय आधी ते तुझं तू ठरव.

पुढच्या महिन्यात तिला कळवायचंय. काल तिचा निरोप आला: "आजी, तो पंचनाम्याचा कागद मला देशील?" कशासाठी ते मी विचारलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, पुढच्या रविवारी आली की देईन.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी पानशेतच्या वेळचे असे कागद असतील, किंवा त्या वेळी पुण्यात काम केलेल्या कुणा कारकुना-तलाठ्याची आठवण असेल, तर मला जरूर कळवा. चौकांना नावं मोठ्यांचीच राहू देत. आपण निदान इथे त्यांची लिहून ठेवू.